मदत हवी आहे: सीडीआर फाइल नको त्या कोरलमध्ये उघडते आणि राइट क्लिक केलं की संगणक अडून बसतो

नमस्कार मंडळी,

माझं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची ओळखपत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी कामं असतात. मुख्य संगणकावर विंडोज १० आहे आणि त्यावर कोरलच्या, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामच्या, दोन आवृत्त्या आहेत, जुनी एक्स-३ आणि नवीन एक्स-७. कोरलमधल्या डिझाइनची फाइल म्हणजे सीडीआर. पत्रिकांची सगळी जुनी डिझाइन्स एक्स-३ मधली आहेत. आमचा फ्लेक्सवालाही अजून जुन्याच आवृत्तीवर काम करतो.

अडचण अशी. एका ओळखीच्या मुलाने पीडीएफ जोडण्या-तोडण्यासाठी इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम टाकून दिला. त्यानंतर सगळं बिनसलं. पीडीएफवर डबल क्लिक केलं की तोच उघडायचा, म्हणून कंट्रोल पॅनलमधून तो काढून टाकला. प्रोग्राम गेला, पण राइट क्लिकच्या मेनूत त्याच्या दोन ओळी तशाच राहिल्या. त्यांच्यावर क्लिक केलं तर या फाइलसाठी प्रोग्रामच नाही असा संदेश येतो. आणि कुठल्याही फाइलवर राइट क्लिक केलं की निळं गोल चक्र फिरत राहतं, मेनू येईस्तोवर समोरचं गिऱ्हाईक ताटकळतं.

त्याच गडबडीत सीडीआर फाइल डबल क्लिकने एक्स-७ मध्ये उघडायला लागली. घाईत तिथेच सेव्ह झाली की ती एक्स-३ मध्ये उघडत नाही, फ्लेक्सवाल्याकडेही नाही. सेव्ह ॲजमध्ये जाऊन दर वेळी जुनी आवृत्ती निवडावी लागते आणि हाताखालच्या मुलींच्या ते ध्यानात राहत नाही. ओपन विथमध्ये जाऊन एक्स-३ च्या फोल्डरमधली फाइल दाखवली, ‘नेहमी हेच वापरा’ यावर टिक केली, तरी उघडतं एक्स-७ च. पुन्हा केलं तरी तेच.

दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. पण याच संगणकावर जुन्या मराठी फॉन्टचं डाँगलवालं (संगणकाला परवान्याची छोटी किल्ली लावली तरच चालणारं) सॉफ्टवेअर आहे. ते नव्याने टाकायची सीडी आता माझ्याकडे नाही आणि त्या फॉन्टशिवाय कित्येक वर्षांच्या पत्रिका नुसत्या खुणा होऊन बसतील. म्हणून फॉरमॅट सोडून दुसरा मार्ग हवा आहे. रजिस्ट्री हा शब्द ऐकला आहे, आत कधी गेले नाही. नीट सांगितलं तर करीन.

प्रतिसाद १

ताई, फॉरमॅटची काही गरज नाही. तुमच्या तक्रारी एकत्र आल्या असल्या तरी त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, तेव्हा एकेक करून सोडवू.

आधी हे बघा की डबल क्लिक केल्यावर विंडोज काय शोधतं. फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्या प्रकाराला कुठलं नाव दिलंय ते काढतं. त्या नावाखाली ‘शेल’, त्याखाली ‘ओपन’, त्याखाली ‘कमांड’ अशी उतरंड असते आणि कमांडमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता असतो. अशी नोंद दोन ठिकाणी असू शकते, एक पूर्ण संगणकासाठी आणि एक तुमच्या लॉगिनपुरती. दोन्हीत फरक असेल तर तुमच्या लॉगिनची चालते. आणि या दोन्हींच्या वर ‘यूजरचॉइस’ नावाची एक नोंद आहे. ओपन विथमधून तुम्ही जे कायमचं निवडता ते तिथे बसतं.

विंडोज ८ पासून या यूजरचॉइसला एक हॅश, म्हणजे नोंद खरी आहे ना ते तपासायचा सांकेतिक आकडा, जोडलेला असतो. ती नोंद हाताने बदलली तर हॅश जुळत नाही आणि विंडोज तुमची निवड रद्द करून स्वतःच्या ठरावीक प्रोग्रामवर जातं. यूट्यूबवर रेडीमेड रजिस्ट्री फाइली वाटणारे खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पीडीएफचं सरळ आहे. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, खाली फाइलच्या प्रकारानुसार निवडायची लिंक आहे, तिथे पीडीएफसमोर हवा तो प्रोग्राम लावा. तेवढ्याने काम होतं.

सीडीआरचं कोडं मात्र मला नीट उलगडलेलं नाही. दोन्ही कोरल कुठल्या फोल्डरमध्ये आहेत आणि त्यांच्या मुख्य फाइलचं नाव काय, ते टाका.

प्रतिसाद २

मेनू उशिरा येण्याबद्दल मी सांगतो, आमच्या ऑफिसात हे नेहमीचं दुखणं आहे.

राइट क्लिकच्या मेनूतल्या ओळी दोन जातींच्या असतात. एक साधी, म्हणजे रजिस्ट्रीत नाव आणि कमांड लिहिलेली. प्रोग्राम गेला तरी ती ओळ दिसत राहते, पण तिच्यामुळे मेनू रखडत नाही. दुसरी जात म्हणजे डीएलएल फाइल, प्रोग्रामचा एक सुटा भाग. राइट क्लिक केलं की एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजचा फाइली-फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, ती फाइल उघडून तिला विचारतो, ‘तुला या मेनूत काय दाखवायचंय?’ ती उत्तर देईपर्यंत सगळा मेनू थांबतो. प्रोग्राम अर्धवट निघाला आणि डीएलएल मागे राहिली की ती आपल्या हरवलेल्या फाइली शोधत बसते. तुमचं चक्र बहुधा त्यामुळे फिरतंय.

निरसॉफ्टचं ‘शेलएक्सव्ह्यू’ नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते उतरवून घ्या. विंडोज ६४ बिट असेल तर ६४ बिटवालंच घ्या, नाहीतर अर्ध्या नोंदी दिसणारच नाहीत. यादीत मायक्रोसॉफ्टबाहेरच्या नोंदी गुलाबी पट्ट्यात दिसतात. प्रकाराच्या रकान्यात ‘कॉन्टेक्स्ट मेनू’ लिहिलेल्या गुलाबी नोंदींपैकी निम्म्या निवडून एफ७ दाबा, त्या बंद होतील. एक्सप्लोरर पुन्हा सुरू करून राइट क्लिक करून बघा. मेनू झटकन आला तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाही आला तर उरलेल्यांत. मग त्यातल्या निम्म्या. असं करत एका नोंदीवर येता. बाकीच्या एफ८ दाबून परत चालू करा. यात काही पुसलं जात नाही, त्यामुळे निर्धास्तपणे करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पीडीएफ जागेवर आलं.

शेलएक्सव्ह्यूनेही काम झालं. गुलाबी नोंदींत त्या पीडीएफवाल्या प्रोग्रामची एक होती आणि तिच्यासमोर फाइलचा जो पत्ता होता तो फोल्डर संगणकात उघडून पाहिला तर आत एकच डीएलएल उरलेली. ती नोंद बंद केली. मेनू आता लगेच येतो आणि मेल्या दोन ओळींपैकी एक त्याबरोबरच गेली. दुसरी अजून आहे.

कोरलचं विचारलं होतं. दोन्ही प्रोग्राम फाइल्समध्येच, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. मुख्य फाइलचं नाव दोन्हीकडे अगदी एकच आहे, कोरलडीआरडब्ल्यू डॉट ईएक्सई. याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद ३

संबंध आहे, किंबहुना तेच कारण आहे.

ओपन विथमधून तुम्ही एखादी ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारी फाइल, दाखवता तेव्हा विंडोज रजिस्ट्रीत ‘ॲप्लिकेशन्स’ या नोंदीखाली त्या फाइलच्या नुसत्या नावाने कप्पा करतं, फोल्डरचा पत्ता धरून नाही. त्या नावाचा कप्पा आधीच असेल तर नवीन करत नाही, जुनाच वापरतं. तुमच्याकडे त्या कप्प्यात एक्स-७ चा पत्ता बसलेला असणार. म्हणून एक्स-३ कितीदा दाखवलं तरी विंडोज त्याच कप्प्यात जाऊन एक्स-७ उघडतं. यात ना कोरल बिघडलंय ना तुम्ही काही वावगं केलंय.

उपाय: विंडोजचं बटण आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘regedit’ लिहून एंटर करा, रजिस्ट्री एडिटर उघडेल. काहीही करण्याआधी ज्या कप्प्याला हात लावायचा त्याच्यावर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. बिघडलंच तर तिच्यावर डबल क्लिक केलं की जुन्या नोंदी परत येतात. मग डावीकडे करंट यूजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, ॲप्लिकेशन्स असं उतरत जा आणि कोरलच्या फाइलचा कप्पा शोधा. तिथे नसेल तर लोकल मशीनखाली याच वाटेने बघा. त्यात शेल, ओपन, कमांड. उजवीकडे ‘डिफॉल्ट’वर डबल क्लिक केलं की पत्ता दिसेल, त्यातला फोल्डरचा भाग बदलून एक्स-३ चा करा. त्यानंतर एखाद्या सीडीआर फाइलवर ओपन विथ करून तेच कोरल पुन्हा निवडा आणि टिक करा.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. त्या ओळीत शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि १ असतो, फाइलचं नाव तिथे भरलं जातं. त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच. ती गेली तर ‘जाधव लग्नपत्रिका अंतिम’ अशा नावाची फाइल उघडताना कोरलला ‘जाधव’, ‘लग्नपत्रिका’ आणि ‘अंतिम’ असे तीन तुकडे मिळतात आणि फाइल सापडत नाही म्हणून संदेश येतो. गंमत म्हणजे नावात जागा नसलेल्या फाइली तेव्हाही व्यवस्थित उघडतात, त्यामुळे दोष कुठे आहे ते माणसाला कळतच नाही. प्रोग्रामच्या पत्त्यालाही अशीच वेगळी अवतरणचिन्हं हवीत, कारण ‘प्रोग्राम फाइल्स’च्या मध्येच जागा आहे.

उरलेली मेली ओळ साध्या जातीची असणार. क्लासेस रूटमध्ये सगळ्यात वर नुसत्या फुलीसारख्या तारकेच्या चिन्हाचा कप्पा आहे, म्हणजे सगळ्या फाइली. त्यातल्या शेलखाली बघा. नाही दिसली तर डिरेक्टरीखाली किंवा सिस्टिमफाइलअसोसिएशन्समध्ये पीडीएफखाली. सापडली की तो एवढाच कप्पा एक्स्पोर्ट करून डिलीट करा. पुसायचा धीर होत नसेल तर आत ‘लेगसीडिसेबल’ नावाची रिकामी स्ट्रिंग (मजकुराची नोंद) ठेवा, ओळ मेनूतून लपते.

प्रतिसाद १

वा, एकाच नावाच्या फाइलचं मला माहीत नव्हतं. काही जण एक्स-३ ची ईएक्सई त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने कॉपी करून ती ओपन विथमध्ये दाखवतात, त्यानेही काम निभतं. पण मग एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती होतात आणि वर्षभराने कोणती कशासाठी ठेवली हे कुणालाच आठवत नाही. ताई, तुम्ही कप्प्यातला पत्ताच बदला.

धागाकर्ती

झालं! सीडीआर आता एक्स-३ मध्ये उघडते. जागा असलेल्या नावांच्या फाइलीही उघडून बघितल्या, सगळ्या येतात. मेली ओळ तारकेखाली सापडली, एक्स्पोर्ट करून काढली. दोन्ही मुलींना एक्स्पोर्ट कसं करायचं ते समोर बसवून दाखवलं, कारण उद्या मी दुकानात नसले तर त्यांना अडायला नको.

आता एकच राहिलं. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो वर्गवार फोल्डरमध्ये असतात. सगळे निवडून राइट क्लिक केलं की मेनूत ‘प्रिंट’ ही ओळच नसते. एखाददुसरा फोटो निवडला की असते. हेही त्या पीडीएफवाल्यामुळेच झालं असावं का?

प्रतिसाद २

नाही, हे विंडोजमध्ये आधीपासून तसंच ठेवलेलं आहे. एका वेळी १५ पेक्षा जास्त फाइली निवडल्या की ओपन, प्रिंट आणि एडिट या ओळी मेनूतून काढून घेतल्या जातात, चुकून ढीगभर फाइली एकदम उघडू नयेत म्हणून. १५ फोटो निवडून बघा, ओळ असेल. १६ वा घेतला की जाईल.

मर्यादा वाढवायची असेल तर करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर इथे जा. ‘मल्टिपलइन्व्होकप्रॉम्प्टमिनिमम’ या नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद नसेल तर करा, चारही शब्द सलग, मध्ये जागा नाही. किंमत भरताना ‘डेसिमल’ निवडा, नाहीतर १०० लिहिलं तर ते २५६ धरलं जातं. तुमच्या वर्गांना १०० पुरेल. मग लॉगऑफ करून परत या. एक सांभाळा, आता ‘ओपन’ ओळही तितक्याच फाइलींना दिसणार, तेव्हा मुलींना सांगून ठेवा की वर्गभर फोटो निवडून एंटर दाबू नका. जुन्या संगणकाला ते झेपणार नाही.

धागाकर्ती

लॉगऑफ करून आले. सातवी ‘अ’चा अख्खा वर्ग निवडला, प्रिंट ओळ आहे. पहिला कागद बाहेर पडतोय. तिघांचेही खूप खूप आभार.