६००० कार्डावर मेमरी संपते, तातडीने मदत हवी

रात्रपाळी: मंडळी, अर्जंट आहे. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) सीन सायकल्सवर (त्याचं रेंडर इंजिन) रेंडरला, म्हणजे अंतिम चित्रं काढायला, लावला की पहिल्याच फ्रेमला 'मेमरी संपली' असा एरर येतो. नवीन एनव्हिडियाचं ६००० ग्राफिक्स कार्ड बसवलंय, मेमरी रग्गड आहे. काम परवा द्यायचंय. ड्रायव्हर पुन्हा टाकून झालाय, तो सल्ला नको.

लोहारकाम: कोणतं ६०००? क्वाड्रो आरटीएक्स ६००० मध्ये २४ जीबी, आरटीएक्स ए६००० आणि ६००० एडामध्ये ४८, प्रो ६००० ब्लॅकवेलमध्ये ९६. पूर्ण नाव लिहा.

रात्रपाळी: ए६०००. आणि हो, ४८ च्या जागी ४५च दिसतात! खराब माल आलाय का?

लोहारकाम: कार्ड ठीक आहे. ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय) चालू असेल. या कार्डात ईसीसी चालू केलं की मेमरीचा सोळावा हिस्सा त्यातच जातो, म्हणजे ३ जीबी.

फ्रेमवेडा: मग बंद करून टाका. रेंडरमध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कोणाला दिसतोय? मी कायम बंदच ठेवतो.

सूत्रधार_७: असं सरसकट सांगू नका. आमच्याकडे रात्रभर सिम्युलेशन चालतं, तिथे एक बिट उलटला की पुढचे सगळे आकडे बिघडतात. वर्कस्टेशनचं कार्ड घ्यायचं ते याचसाठी.

फ्रेमवेडा: विचारणाऱ्यांचं सिम्युलेशन नाहीये हो.

घरचाजीपीयू: मुळात आरटीएक्स ४०९० हे गेमिंगचं कार्ड घ्यायचं होतं. वेगात ए६००० च्या पुढे.

लोहारकाम: त्यात २४ जीबी. इथे ४८ पुरत नाहीत, वेग घेऊन काय करणार?

काचघर: ए६००० ला एचडीएमआय नसतं, चारही डिस्प्लेपोर्ट असतात. अडॅप्टर चांगला घ्या.

रात्रपाळी: मॉनिटर चालू आहे हो! एररचं बोला.

लोहारकाम: सीनला एकूण किती मेमरी लागते?

रात्रपाळी: ६० च्या आसपास. पण कार्डं दोन आहेत, म्हणजे ९६.

लोहारकाम: हे आधी सांगायला हवं होतं. दोन कार्डांची मेमरी आपोआप एक होत नाही. दोन्ही कार्डांत अख्ख्या सीनची वेगवेगळी प्रत चढते, त्यामुळे मर्यादा एकाच कार्डाची. ईसीसी बंद करूनही ६० मावणार नाहीत. एनव्हीलिंकचा ब्रिज (दोन कार्डं थेट जोडणारा जोड) लावलाय का?

रात्रपाळी: नाही. वेगळा घ्यावा लागतो?

लोहारकाम: हो. दोन कार्डांच्या स्लॉटमधलं अंतर बघून त्या मापाचा घ्या. मग ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सायकल्सच्या डिव्हाइसपाशी मेमरी वाटून घेण्याचा पर्याय चालू करा. २.९० पासून आहे तो.

घरचाजीपीयू: त्यापेक्षा दोन्ही विकून दोन ६००० एडा घ्या, प्रश्नच मिटला.

सूत्रधार_७: एडाला एनव्हीलिंकच नाही! तिथेही ४८ च राहतील.

लोहारकाम: परवापर्यंत ब्रिज मिळाला नाही तर टेक्स्चरचं (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचं) रिझोल्यूशन उतरवा. ८के चं (८१९२×८१९२ पिक्सेल) साधं ८-बिट आरजीबीए चित्र मेमरीत २५६ एमबी खातं, ४के चं ६४. फाइल जेपीईजी असली तरी तेवढंच, कारण ती उलगडून चढते. ३२-बिट फ्लोट असेल तर याच्या चौपट. कॅमेऱ्यापासून लांबच्या वस्तूंपासून सुरुवात करा.

रात्रपाळी: मागच्या इमारती सगळ्या ८के वर होत्या, ४के केल्या. ४१ जीबीत बसलं, फ्रेम निघतायत. ईसीसीला हात लावला नाही. ब्रिज मागवते. माझ्या कार्डांत मध्ये एक स्लॉट मोकळा आहे, तर कोणतं माप?

लोहारकाम: प्रत्येक कार्ड दोन स्लॉटचं, मध्ये एक मोकळा, म्हणजे तीन स्लॉटचा. ए६००० ला चालणाराच आहे ना, तेवढं बघून घ्या.

काचघर: अडॅप्टर घेणार असाल तर अ‍ॅक्टिव्ह घ्या.