मदत हवी आहे: मस्टँगचे फोटो शार्प येत नाहीत, लेन्स परत करू का?

निवडुंग: जरा अर्जंट आहे. गेल्या शनिवारी युटामधल्या ऑनाकी कळपाचे, म्हणजे तिथल्या मोकाट फिरणाऱ्या मस्टँग घोड्यांचे साडेसहाशे फोटो काढले, त्यातला एकही धड नाही. आयाळीचा केस न् केस दिसायला हवा, तिथे नुसता लगदा. पाय तर पाण्यातून पाहिल्यासारखे वाकडे. लेन्स परत करायची मुदत सोमवारी संपतेय आणि या शनिवारी पुन्हा जायचंय. करू का परत?

कातळकडा: कुठली लेन्स, शटर किती, किती वाजता काढले? काहीच लिहिलं नाहीस.

निवडुंग: 200-600 मिमी झूम, सगळे 600 ला. शटर 1/2000, एफ 8. स्टॅबिलायझेशन चालू होतं. माझा हात हलत नाही.

दूरदृष्टी: 600 ला ट्रायपॉड आणि त्यावर जड लेन्स तोलून फिरवणारं गिंबल हेड हवंच. मी भरतपूरला दहा वर्षं तसंच काढतोय.

कातळकडा: 1/2000 ला ट्रायपॉड काय करणार? हात हलला तर सगळी फ्रेम एका दिशेला ओढली जाते, पाय वाकडे होत नाहीत.

दूरदृष्टी: अनुभवाचं बोलतोय. ऐकायचं नसेल तर राहू दे.

सोनचाफा: त्यापेक्षा कच्छच्या छोट्या रणात जा! बजाण्याला सकाळी जीप मिळते, रानगाढवं अगदी जवळून दिसतात. डिसेंबर-जानेवारीत फ्लेमिंगोही असतात.

निवडुंग: ताई, मी सॉल्ट लेक सिटीत राहते.

रानभूल: मस्टँगना जंगली म्हणणंच चूक आहे. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव घोड्यांची ती सुटलेली पिलावळ. गवत-पाणी कमी पडतं, म्हणूनच 2021 च्या जुलैत हेलिकॉप्टरने ऑनाकीतले शेकडो घोडे धरले.

शिंगरू: घोड्याचं मूळ कूळच उत्तर अमेरिकेतलं. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी तिथून संपलं, स्पॅनिश लोकांबरोबर परत आलं. 1971 च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलंय. त्या धरपकडीच्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कळपातली ओळखीची घोडी अशी वेगळी करतात!

निवडुंग: यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज. माझा सोमवार!

माळरान: निवडुंग, वेळ अजून सांगितली नाहीस. घोडे किती लांब होते? गाडीतून काढलेस का?

निवडुंग: दुपारी दीड. पाऊण मैल तरी असतील. गाडीतूनच, काच खाली करून. बाहेर 95 डिग्री फॅरनहाइट होतं म्हणून एसी चालू ठेवला होता.

माळरान: मग लेन्सला हात लावू नकोस! उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, तेच आहे. जमीन तापते, वेगवेगळ्या तापमानाच्या हवेत प्रकाश सारखा वळत राहतो. 600 ला पाऊण मैलाची ती सगळी थरथर फोटोत येते. त्यात खिडकीतून एसीची गार हवा बाहेर आणि समोर तापलेलं बॉनेट. 1/8000 ला काढलास तरी तेच.

खात्री करायची तर भल्या पहाटे शंभर फुटांवरच्या कुंपणाचा फोटो काढ. तारेची गाठ स्वच्छ आली तर लेन्स ठणठणीत.

शनिवारी उजाडायच्या आत पोच. इंजिन बंद, गाडीतून खाली उतर. पाणवठ्याजवळ बाजूला बस, पण घोडे आणि पाणी यांच्या मध्ये कधीही नको. बी.एल.एम. (हे घोडे आणि सरकारी जमीन सांभाळणारं अमेरिकन खातं) निदान शंभर फूट अंतर ठेवायला सांगतं, शिंगरं असतील तर आणखी. मी असाच बसलो असताना एक बकस्किन (पिवळसर अंग, काळी आयाळ) घोडा मान जमिनीलगत लांबवून, कान मागे पाडून आपल्या घोड्यांना हाकत निघाला. खुरांमागून उडालेली धूळ उन्हात सोनेरी झाली होती. असं दिसलं की उठून मागे सर, फोटो नंतर.

दूरदृष्टी: पहाटे उजेड कमी असतो, तेव्हा ट्रायपॉड लागेलच.

माळरान: तेव्हा लागेल, मान्य.

निवडुंग: आत्ता जुने फोटो उघडून पाहिले. सकाळी सातला रस्त्याकडेला एक करडी घोडी होती, तिचे तीन फोटो. पापणीचे केस मोजता येतायत! ते गाडीचे टायर तपासायला उतरले तेव्हाचे, म्हणून मी धरलेच नव्हते. लेन्स ठेवतेय. सिम्पसन स्प्रिंग्जला शुक्रवारी रात्री मुक्काम करता येतो का?

माळरान: हो, कॅम्पग्राउंड आहे. पाणी आपलं ने, वाटेत टुइला गावात टाकी फुल कर आणि स्पेअरमधली हवा बघ. पुढे पोनी एक्स्प्रेस रोड सगळा खडीचा आहे.