आफ्टरग्लोची प्रतिमा आधी पाठवायची की आधी मोजायची?

जतचा माळ:
गॅमा किरण स्फोटाची सूचना येते, मागे उरलेला विझत जाणारा प्रकाश, म्हणजे आफ्टरग्लो, टिपायला कोणीतरी दुर्बीण वळवतं आणि अर्ध्या तासात ग्रुपवर जेपेग येतो. लाल गोल काढलेला, खाली एकच शब्द, 'सापडला'. सातारा-सांगलीतल्या निरीक्षकांनी ही पद्धत बंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (मोठा आकडा म्हणजे मंद तारा), मोजल्याशिवाय प्रतिमा बाहेर जाऊ नये.

जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या उरतात, खगोल कॅमेऱ्याच्या मूळ १६ बिटच्या फिट्स फाईलमध्ये ६५,५३६ असतात. त्यात मंद भाग दिसावा म्हणून चित्र ताणलं (स्ट्रेच केलं) की ठिपक्याचा उजळपणा आणि ताऱ्याचं तेज यांचं नातंच तुटतं. त्या चित्रावरून प्रत कोणालाच काढता येत नाही.

वेळेचंही तसंच. १० तारखेला रात्री २ वाजता घेतलेली फ्रेम यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ९ तारखेच्या २०:३० ची असते. इथे तारीख चुकली की सगळं मोजमाप एक दिवसाने सरकतं. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपचं घड्याळ वाचतं, आणि माळावर नेट नसेल तर ते घड्याळ किती मागे-पुढे गेलंय ते कळत नाही. निरीक्षणाआधी घरीच सिंक करा, नाहीतर जीपीएस रिसीव्हर लावा.

आणि गोलातला ठिपका तारा आहे हे कशावरून? हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळणारा कॅमेऱ्याचा सदोष पिक्सेल, एकाच पिक्सेलमध्ये टोकदार दिसतो, खरा तारा तीन-चार पिक्सेलवर पसरतो. सगळ्या फ्रेम एकाच जागी रोखून घेतल्या तर स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या प्रतिमेत) तोच हॉट पिक्सेल बेमालूम ताऱ्यासारखा दिसू शकतो. दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण दहा-पंधरा पिक्सेल सरकवा, म्हणजे तो आपोआप गळतो. लघुग्रहही नवा तारा वाटू शकतो, त्यांची यादीही तपासा.

यवतेश्वर घाट:
तांत्रिक मुद्दे सगळे मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. आफ्टरग्लो तुमची वाट बघत थांबत नाही.

साधारण हिशोब असा की तेज वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. वेळ दहापट झाली की प्रत २.५ ने मंदावते. एका तासाला १७.० असलेला आफ्टरग्लो तीन तासांनी १८.२ च्या आसपास जातो. आठ इंची एफ/५ न्यूटोनियन, साठ सेकंदांच्या तीस फ्रेम आणि सातारा शहराचा उजेड, एवढ्यात १८.२ म्हणजे काठावरच. तुम्ही फ्लॅट, डार्क या कॅमेऱ्याच्या दोषांच्या दुरुस्त्या, मोजणी, फेरतपासणी करून पहाटे चारला पाठवाल तेव्हा मोठ्या दुर्बिणीवाल्याला त्याचा उपयोग काय? वर्णपट घ्यायचा तर त्याला नेमकी जागा लगेच हवी असते.

९ ऑक्टोबर २०२२ आठवा. त्या दिवशी कोजागिरी होती. स्विफ्ट उपग्रहाने आपल्या संध्याकाळी ७:४० ला शर तारकासमूहात काहीतरी टिपलं आणि सुरुवातीला ते आपल्याच आकाशगंगेतलं असावं असं वाटलं. मग लक्षात आलं की फर्मी उपग्रहाने त्याआधी जवळपास तासभर, ६:४७ ला, तिथलाच प्रचंड स्फोट नोंदवला होता. तोच जीआरबी २२१००९ए. त्या वेळी ती जागा सातारकरांच्या जवळजवळ डोक्यावर होती आणि चंद्र तिच्यापासून सुमारे ९० अंशांवर. अशा संध्याकाळी खुद्द व्यावसायिकांचं वर्गीकरण बदलत असताना आपण प्रत पक्की होईपर्यंत फाईल दाबून ठेवायची?

जतचा माळ:
घाटकर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जे वर्गीकरण बदललं ते जागा आणि वेळ काटेकोर नोंदलेली होती म्हणून. दोन उपग्रहांच्या नोंदी जुळल्या त्या आकड्यांवर, चित्रावर नाही. शिवाय तो स्फोट आकाशगंगेच्या पट्ट्यात होता, दृश्य प्रकाश मधल्या धुळीने सुमारे चार प्रतींनी मंदावलेला. आजूबाजूला ताऱ्यांची एवढी दाटी की लाल गोलात कोणता ठिपका नवा, हे जुन्या प्रतिमेशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही. पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणातली त्याच जागेची प्रतिमा शेजारी ठेवायला पाच मिनिटं लागतात. तेवढंसुद्धा न करता 'सापडला' लिहिणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ, सांगली:
दोघंही सापडलेल्या आफ्टरग्लोबद्दलच बोलताय. बहुतेक रात्री काहीच सापडत नाही, आणि ती नोंद कोणी पाठवत नाही. खरं नुकसान तिथे आहे.

फर्मीच्या जीबीएम या उपकरणाने दिलेली जागा कित्येक अंशांनी चुकलेली असू शकते, तिच्या मागे लागू नका. स्विफ्टच्या बॅट या उपकरणाचं तीन कंसमिनिटांचं (कंसमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर्तुळ मात्र आपल्या चौकटीत आरामात बसतं. ३.७६ मायक्रॉन पिक्सेल आणि १००० मिमी नाभीय अंतर म्हणजे ०.७८ कंससेकंद दर पिक्सेल, ३००८ पिक्सेलला सुमारे ३९ कंसमिनिटांचं आकाश. त्या वर्तुळात नवीन काही नसेल तर 'अमुक वेळी, अमुक फिल्टरमध्ये, १८.३ पेक्षा तेजस्वी काही नाही, तीन सिग्मा' (म्हणजे पार्श्वभूमीच्या चढउताराच्या तिप्पट) हे वाक्य पाठवा. अंधारा स्फोट, धुळीमागचा स्फोट, खूप दूरचा स्फोट यांचा विचार अशा मर्यादांवरच चालतो.

फिल्टरबद्दलही सांगते. फिल्टर न लावता घेतलं तर प्रकाश जास्त मिळतो, पण मग पॅन-स्टार्सच्या आर (लाल) फिल्टरमधल्या प्रतीशी जुळवताना ०.१ ते ०.२ चा फरक सहज पडू शकतो. तुलनेचे, म्हणजे प्रत माहीत असलेले, तारे निळे घेऊ नका, मध्यम रंगाचे आठ-दहा घ्या. आणि गाळप हंगामात इकडे पाचट पेटतं तेव्हा धुराचा पातळ थर सगळ्या चौकटीवर सारखा असेल तर तुलनेत तो वजा होतो. धुराचा लोट अर्ध्याच चौकटीवरून गेला असेल तर ती फ्रेम स्टॅकमध्ये घालू नका, मग ती कितीही छान दिसो.

अजिंक्यतारा:
मूळ प्रश्नच विचारतो, हे आपण करायचंच कशाला? लडाखमध्ये हानलेला ग्रोथ-इंडिया प्रकल्पाची ०.७ मीटरची दुर्बीण आहे, जुन्नरजवळ गिरवलीला दोन मीटरची. आपलं रेखांश साधारण तेच, त्यामुळे 'इतरांकडे दिवस आणि आपल्याकडे रात्र' हा युक्तिवादही चालत नाही. मार्च २००८ मध्ये नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका, ५.३ प्रतीचा, आफ्टरग्लो झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे पावणेबारा वाजले होते. वर जून ते सप्टेंबर आपलं आकाश बंद. हेच तास रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांना दिले तर जास्त पदरात पडेल.

कृष्णाकाठ, सांगली:
पावसाळ्याचं खरं आहे, रूपविकारी ताऱ्यांचंही. पण मोठी दुर्बीण त्या क्षणी दुसऱ्या कामात असते किंवा तिथे ढग असतात, आणि पहिल्या तासातला एक बिंदूसुद्धा आलेखात मोकळी जागा भरतो. आठ इंचाला स्पर्धा करायची नाहीये.

यवतेश्वर घाट:
जतकर, 'तेज उतरतंय हे सिद्ध होऊ दे, मग पाठवू' असंही तुम्ही पूर्वी सुचवलं होतं. त्याचा हिशोब करा. स्फोटानंतर एका तासाने सुरुवात, अर्ध्या तासाचा स्टॅक, दोन भाग केले. मध्यवेळा ६७.५ आणि ८२.५ मिनिटं, फरक फक्त ०.२२ प्रत. सिग्नल-नॉइज गुणोत्तर १० असेल तर प्रत्येक बिंदूला ०.१ ची चूक, म्हणजे दोन्हींच्या वजाबाकीत ०.१५. यात उतार सिद्ध होत नाही. दोन तास थांबलात तर आफ्टरग्लो आपल्या दुर्बिणीच्या मर्यादेखाली. म्हणून पहिली फाईल लगेच जायला हवी. जेपेग नको, हे तुमचं मान्य. प्लेट-सॉल्व्ह केलेली (आकाशातली नेमकी जागा जुळवलेली) फिट्स, न ताणलेली, हेडरमध्ये यूटीसी, फिल्टर आणि एक्सपोजर. पंधरा मिनिटांत.

जतचा माळ:
०.२२ चा हिशोब बरोबर आहे, उताराची अट मागे घेतो. फाईल पंधरा मिनिटांत जाऊ दे, पण सोबत 'संभाव्य, मोजलेलं नाही' असं लिहून, आणि पॅन-स्टार्सचा तुकडा जोडून. जीसीएन या स्फोटांच्या सूचना-जाळ्यावरचं सर्क्युलर मात्र आकड्याशिवाय नाही. ते पाठवायला आधीच्या कोणा पाठवणाऱ्याची शिफारस लागते, आणि एका चुकीच्या 'सापडला'ने शिफारस करणाऱ्याचंही नाव खराब होतं.

यवतेश्वर घाट:
सर्क्युलरचं मान्य. 'संभाव्य' हा शब्द मान्य. पॅन-स्टार्सचा तुकडा मागून पाठवला तरी चालेल, त्यासाठी फाईल अडवणार नाही.