एर्डमन 'घाबरला' म्हणणाऱ्यांनी जरा इकडे यावं

विंगेतला
परवा इथेच कुणीतरी एका सोव्हिएत नाटककाराचा एका ओळीत निकाल लावला: 'निकोलाय एर्डमन दोन नाटकं लिहून घाबरला आणि पुढे स्टालिनला हसवत बसला.' तेव्हापासून डोकं फिरलंय. 'आत्महत्या' हे नाटक लिहिलं तेव्हा गड्याने तिशीही ओलांडली नव्हती. बेकार सेम्योन मध्यरात्री बायकोला उठवतो, कशाला, तर लिव्हर सॉसेज उरलंय का विचारायला. त्यावरून जुंपते आणि हा जीव देणार अशी बोंब होते. मग दारात रांग. बुद्धिजीवी म्हणतो, मरतोच आहेस तर आमच्या नावाने मर. खाटीकही तेच म्हणतो. १९३२ साली स्टालिनचा जवळचा नेता कागानोविच, त्याची मंडळी दिग्दर्शक मेयरहोल्डची तालीम बघून गेली आणि नाटक बंद. मॉस्कोत पडदा उघडला १९८२ ला. लेखक १९७० लाच गेलेला.

ठोकळा
तो 'कुणीतरी' मीच. नाटक थोर आहे, मान्य. पण त्याच काळातला लेखक बुल्गाकोव, त्याचीही नाटकं बंद पाडली होती की. तरी तो लिहून लिहून खणात ठेवत राहिला. एर्डमनचं १९३२ नंतरचं एक मोठं नाटक दाखवा. उलट १९५१ ला पटकथेसाठी स्टालिन पारितोषिक घेऊन मोकळा!

विंगेतला
बुल्गाकोवला अटक झाली नव्हती हो. एर्डमनला १९३३ ला काळ्या समुद्राकाठच्या गाग्रात, स्वतःच लिहिलेल्या विनोदी सिनेमाचं शूटिंग चालू असताना उचलला. तीन वर्षं सायबेरियात हद्दपारी, आधी येनिसेइस्क, मग तोम्स्क. आणि १९३८ ला त्याच्यासाठी स्टालिनला पत्र कुणी लिहिलं? तुमच्याच बुल्गाकोवने.

चारओळी
त्या सिनेमाच्या टायटल्समधून त्याचं नाव काढलं, ते कुणी बोलत नाही. मी एका मालिकेचे ११० भाग लिहिले. नाव दिसलं १७ भागांत, तेही जाहिरात सुरू होता होता. बाकी भागांत निर्मात्याचा भाचा 'लेखक'.

ठोकळा
आली मालिका! तुम्हाला काय सायबेरियात धाडलं होतं का?

चारओळी
मढ आयलंडला धाडलं होतं. रात्री दोनला सीन बदलून मागायचे. हसा खुशाल. आई रोज टीव्हीसमोर बसायची, नाव येईल म्हणून.

सुमनताई
चेक वटले ना? मग नावाचं काय घेऊन बसलात?

चारओळी
शेवटचे दोन नाही वटले.

सुमनताई
मग आधी ते सांगायचं ना! नावासाठी रडण्यापेक्षा करार नीट करा. आमच्या ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहिली, एकदाही सही नाही केली.

विंगेतला
धागा एर्डमनचा आहे, मंडळी. आईवरून आठवलं. तो हद्दपारीतून आईला पत्रं लिहायचा, खाली सही 'मामिन-सिबिर्याक'. नाव जुन्या लेखकाचं, अर्थ 'आईचा सायबेरियावाला'. ह्याला घाबरणं म्हणतात?

ठोकळा
आईला विनोद लिहिणं आणि नाटक लिहिणं ह्यात फरक आहे, साहेब.

विंगेतला
आहे ना. त्याच 'आत्महत्या'त सेम्योन क्रेमलिनला फोन लावून सांगतो, मी मार्क्स वाचला, मला नाही आवडला. मग म्हणतो, 'टांगला!' सगळ्यांची तंतरते, कुणाला? तर रिसीव्हर. हे त्या काळात लिहून झाल्यावर माणसाने आणखी किती लिहायचं, तुम्हीच आकडा सांगा.

ठोकळा
बरं बाबा, 'घाबरला' मागे घेतो. 'थकला' लिहू? की त्यालाही तुमच्या समितीची मंजुरी लागेल?

चारओळी
त्या दोन चेकचं आता काही करता येतं का, कुणाला माहीत आहे?