डबल्ड डाय: दुहेरी ठसा की दुबार छपाई?

सातारकरीण: नाण्यांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. ‘डबल्ड डाय’ला मी ‘दुहेरी ठसा’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘दुबार छपाई’ केलं. उदाहरण १९५५च्या अमेरिकी लिंकन सेंटचं आहे. कुठला शब्द ठेवू?

जुनी_मोड: ‘दुबार छपाई’ अजिबात नको. नाणं एकदाच पाडलंय, दोनदा उमटलंय ते डायवर, म्हणजे नाणं पाडायच्या हत्यारावर. तेव्हा हबने, म्हणजे उठावाचं चित्र असलेल्या मूळ हत्याराने, डाय दाबायचे, तापवून मऊ करायचे आणि परत दाबायचे. दुसऱ्यांदा बसवताना जरा फिरली की अक्षरं डायमध्येच दुहेरी होतात आणि तिचं प्रत्येक नाणं तसंच निघतं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून अशी २० हजारांहून जास्त नाणी बाहेर पडली.

शब्दवेडा: ‘साचा’ म्हणा की! डाय कशाला हवी?

भोसरीकर: साच्यात ओततात, पेणच्या गणपतीसारखं. नाणं दाबून पाडतात. आमच्या टूलरूममध्ये सगळे ‘डाय सैल झालीय, आवळ’ असंच म्हणतात.

शब्दवेडा: कारखान्यात म्हणतात म्हणून पुस्तकातही तेच? शिवराई पाडणारे डाय म्हणत नव्हते.

जुनी_मोड: शिवराईचं वेगळं आहे हो. हातोड्याचा घाव दोनदा बसला की ‘श्री राजा शिव’ची अक्षरं दोनदा दिसतात. ‘दुबार छाप’ हा शब्द तिथे शोभतो.

करवीरकन्या: ताई, ‘ठसा’तच घोळ आहे. सोनाराचा ठसा म्हणजे हत्यार, अंगठ्याचा ठसा म्हणजे उमटलेली खूण. ‘दुहेरी ठसा’ वाचून काय दुहेरी आहे तेच कळत नाही, आणि नवखे पैसे घालवतात ते इथेच. भोसरीकरदादा म्हणतात तशी सैल डाय नाणं पाडल्यावर किंचित सरकते आणि अक्षराची कड खरवडते. तिथे चपटी पायरी होते, मूळ अक्षर बारीक होतं. अशा नाण्याला दर्शनी किमतीपलीकडे काही मिळत नाही. खऱ्या डबल्ड डायच्या नाण्यात दोन्ही अक्षरं उठावदार आणि गोलसर असतात, टोकांना खाच दिसते. १९६९च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल्ड डाय सेंटमध्ये तर टांकसाळीची ‘एस’ ही खूण डायवर नंतर हाताने ठोकलेली, त्यामुळे खऱ्या नाण्यात ती एकेरीच. ‘एस’ही दुहेरी दिसला तर नाणं परत करा.

भोसरीकर: मग सैल डायवाल्याला ‘हललेली छाप’ म्हणा. फोटो हलतो तसंच. कुणालाही कळेल.

शब्दवेडा: हे आवडलं. पण डबल्ड डायला ‘दुहेरी मुद्रा’च हवं. मुद्रा आपली आहे.

करवीरकन्या: मुद्रा म्हणजे नाणंसुद्धा! परत तोच घोळ.

सातारकरीण: ‘हललेली छाप’ घेतलं, आभार. पण डबल्ड डाय राहिलंच. आणि ‘हब’ला काय लिहू?

शब्दवेडा: ‘टंक’ बघा. टंकशाळेची टांकसाळ झाली, टंकलेखनातही तोच आहे.

भोसरीकर: टंक म्हणजे छिन्नी ना? हबवर चित्र उठावाचं असतं, छिन्नीचा काय संबंध?

शब्दवेडा: संबंध आहे. संध्याकाळी कोश काढून लिहितो.