नोकिया एन८: फोनात कॅमेरा होता की कॅमेऱ्यात फोन?

घाटावरचा:
परवा जुनी हार्ड डिस्क उपसताना २०११ च्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो सापडले. लक्ष्मी रोड, रात्री अकराच्या पुढची वेळ. ताशाच्या काड्या हवेत थांबलेल्या, उधळलेल्या गुलालाचा कण न् कण सुटा दिसतोय, ढोलवाल्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. लेक म्हणाली, "बाबा, कॅमेरा कुठला होता?" म्हटलं, फोन होता, नोकिया एन८. तिला खरंच वाटेना.

म्हणून मत मांडून ठेवतो. ज्याला झोडायचंय त्याने खुशाल झोडा. नोकियाने काढलेला सगळ्यात चांगला टचस्क्रीन फोन म्हणजे एन८. ॲल्युमिनियमची अंगलोट, १२ मेगापिक्सेलचा कार्ल झाइस लेन्सवाला कॅमेरा आणि खरा झेनॉन फ्लॅश. हे सगळं २०१० मध्ये! त्याला लोकांनी 'फसलेला फोन' ठरवून टाकलं, ते मला अजून पटत नाही.

चौकटराजा:
फोटो सुरेख असणार, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही कॅमेऱ्याची तारीफ करताय आणि पदवी फोनला देताय. टचस्क्रीन फोन म्हणायचं तर टचबद्दल बोला. साडेतीन इंची पडदा आणि त्यावर ६४० बाय ३६० ठिपके. त्याच वर्षी आयफोन ४ ने तेवढ्याच पडद्यावर ९६० बाय ६४० दिले होते. प्रोसेसर ६८० मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. त्याच वर्षीच्या गॅलेक्सी एसमध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि चार इंची पडदा होता.

आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे कीबोर्ड. फोन उभा धरला की संगणकासारखा क्वर्टी कीबोर्ड नाहीच! जुन्या बटणांच्या फोनसारखे बारा आकडे पडद्यावर रंगवून दिलेले. क्वर्टी हवा तर फोन आडवा करा. वर लिहायच्या चौकोनावर बोट ठेवलं की मागचं पान गायब, पूर्ण पडदाभर वेगळाच लिहायचा कागद उघडणार. समोरच्याने काय विचारलंय ते आधी पाठ करायचं आणि मग उत्तर लिहायचं. हा कंपनीचा सगळ्यात वरचा फोन!

टी९भक्त:
बारा आकड्यांना नावं ठेवू नका राव. टी९ वर (आकड्यांच्या बटणांवरून शब्द ओळखायची ती सोय) मी न बघता मेसेज टाइप करायचो. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभं राहा आणि आजचा हा क्वर्टी एका अंगठ्याने चालवून दाखवा.

चौकटराजा:
न बघता टाइप व्हायचं कारण बोटाला बटण लागायचं. काचेवर काय लागणार, कपाळ?

सदाशिवपेठी:
शिवाय प्रत्येक गोष्टीला दोनदा टॅप. एकदा निवडायला, एकदा उघडायला. दार वाजवून कडी वाजवावी तसं.

घाटावरचा:
अहो, ते एन८ मध्ये नव्हतं. दोन टॅपची भानगड नोकियाच्याच ५८०० आणि एन९७ या फोनांच्या काळातली, म्हणजे सिंबियन या नोकियाच्या फोन-प्रणालीच्या आधीच्या आवृत्तीतली. त्या फोनांचा पडदाही दाबावा लागणारा होता. एन८ वर सिंबियन^३ आलं, नुसत्या स्पर्शाने चालणारी कपॅसिटिव्ह काच आली आणि एक टॅप पुरायला लागला. एन९७ चं पाप एन८ च्या माथी मारण्याची सवय तेव्हाही लोकांना होती.

सदाशिवपेठी:
बरं, एक टॅप. तेवढं मागे घेतलं. बाकी मत तेच.

हिंजवडीचा_हमाल:
मी त्या काळात सिंबियनवर कोड लिहून पोट भरत होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन गोष्टी सांगतो.

सिंबियनचं मूळ सायॉन कंपनीच्या हातात मावणाऱ्या संगणकांत, ईपॉक नावाच्या प्रणालीत. मेमरी इनमिन काही एमबी आणि यंत्र महिनोन्महिने बंद न करता चालायला हवं, हा तिचा जन्माचा संस्कार. त्यामुळे एकेका बाइटचा हिशेब. साधी अक्षरांची ओळ ठेवायची तरी त्यासाठीच्या डब्यांचे, म्हणजे डिस्क्रिप्टरचे, चार-पाच प्रकार. कुठलंही काम अर्ध्यात फसलं तर मेमरी परत मिळावी म्हणून प्रत्येक वस्तू आधी क्लीनअप स्टॅक नावाच्या यादीत नोंदवायची. नवीन पोरगा आला की दोन-तीन महिने यातच जायचे. मग स्वतःचं ॲप स्वतःच्याच फोनवर टाकायला प्रमाणपत्र, तेही त्या फोनच्या आयएमईआय क्रमांकाला बांधलेलं. तिकडे जावा येणारा माणूस शनिवार-रविवारात अँड्रॉइडवर काहीतरी चालतं-बोलतं उभं करायचा.

त्याच काटकसरीमुळे २५६ एमबीमध्ये एन८ पाच-सहा कामं खरोखर एकत्र चालवायचा, हे चौकटराजांनी धरलेलं नाही. त्यांनी नुसते आकडे समोर ठेवले. रेड्याला आणि सायकलला एकाच मापाने चारा घालून चालत नाही. पण ॲप लिहिणारेच कंटाळून निघून गेले तर ती काटकसर घेऊन करायचं काय? आमच्या टीममधल्या आठपैकी सहा जणांनी २०११ संपायच्या आत अँड्रॉइड धरलं. मी सातवा.

कोकणकडा:
कोडबिड मला कळत नाही. मी मालवणला जाताना काय वापरलं ते सांगतो. ओव्ही मॅप्स, नोकियाचे नकाशे. २०१० च्या जानेवारीत नोकियाने वळणावळणाला बोलून रस्ता दाखवणारं नेव्हिगेशन फुकट केलं होतं. घरी संगणकावरून नकाशा भरून घ्यायचा आणि गगनबावड्याच्या घाटात रेंज शून्य असली तरी बाई बोलत राहायची. गुगलच्या नकाशाला तेव्हा नेट लागायचं, आणि घाटात नेट कुठलं?

दुसरी गंमत. डब्यातच एक छोटी वायर यायची. ती लावली की पेनड्राइव्ह थेट फोनला जोडता यायचा. एचडीएमआयची वायरही डब्यात. मामांच्या घरी टीव्हीला फोन लावून अख्खं लग्न दाखवलं होतं मी. आयफोनवाले भाचे तोंडात बोट घालून बघत होते.

चौकटराजा:
लग्न दाखवलंत ते ठीक. व्हिडिओ काढताना कॅमेरा फोकस बदलायचा नाही, तो एका अंतरावर बांधलेला असायचा, हे मामांना सांगितलंत का? नवरी जवळ आली की धूसर.

कोकणकडा:
नवरी लांबच होती हो. स्टेजवर.

फ्लॅशगॉर्डन:
इथे सगळे फ्लॅशला ओझरतं हात लावून पुढे चाललेत, म्हणून थांबवतो. मूळ फोटोचं मर्म तिथेच आहे.

आज फोनला असतो तो एलईडी. शटर उघडं असेपर्यंत तो टॉर्चसारखा जळत राहतो. तेवढ्या वेळात ताशाची काडी हातभर हलते आणि फोटोत पंखा उमटतो. झेनॉनमध्ये कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात नळीतून सोडतात. उजेड प्रचंड, पण टिकतो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी. अंधारात फोटो उमटतो तो त्या झटक्यापुरताच, म्हणून काडी थांबते, गुलाल थांबतो. वर एन८ चा सेन्सर १/१.८३ इंची, म्हणजे तेव्हाच्या कित्येक खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांपेक्षा मोठा. आजचे लाखाचे फोन रात्री दहा-बारा फ्रेम घेऊन एकत्र शिवतात. देवळाच्या दीपमाळेला ते झकास. लेझीम खेळणाऱ्या पोरीला नाही.

मग झेनॉन गेला कुठे? त्या कपॅसिटरला जागा लागते आणि फोन बारीक करायची स्पर्धा लागली होती. बारीकपणा जिंकला. मला आजही हा सौदा तोट्याचा वाटतो.

उसाचा_रस:
गॉर्डन साहेब, अर्धंच सांगितलं. तुमच्या झेनॉनचा उजेड तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही. पुढचा ताशावाला पांढराफटक आणि मागे अख्खा लक्ष्मी रोड काळा ठिक्कर. गणपती कुठेय फोटोत? मला मिरवणूक बघायची असते, काडी नाही. आजचा फोन मला रोषणाई, गर्दी, मूर्ती सगळं देतो. काडी हलली तर हलू दे की, वाजतेय ती!

घाटावरचा:
फोटो परत उघडून बघितला. गणपती नाहीये, खरंच. मागे अंधारच आहे.

(तरी काडी बघाच एकदा.)

पेटता_प्लॅटफॉर्म:
फोनच्या गुणदोषांवर एवढं रण माजवताय, पण एन८ ला मारलं कंपनीच्याच साहेबांनी. फोन बाजारात आला सप्टेंबर-ऑक्टोबर २०१० च्या सुमारास. त्याच सप्टेंबरात स्टीफन इलॉप मुख्याधिकारी झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं, कंपनी जळत्या फलाटावर उभी आहे असं सांगणारं पत्र फुटलं आणि ११ तारखेला मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर. म्हणजे फोन दुकानात येऊन पाच महिने होत नाहीत तोच मालक म्हणतो, आमच्या दुकानाला आग लागलीय आणि नवीन दुकान अजून बांधायचंय. गिऱ्हाईक येईल कशाला? उभा क्वर्टी कीबोर्ड सिंबियनच्या ॲना नावाच्या अपडेटमध्ये आलाच की, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पुढच्या वर्षी बेल नावाचं अपडेटही आलं. तोवर दुकानदारसुद्धा 'दुसरं काहीतरी बघा' म्हणायला लागले होते.

चौकटराजा:
साहेबांनी आग लावली नाही, धूर दिसतोय असं मोठ्याने म्हणाले. नोकियाचे तेव्हाचे बडे अधिकारी वान्योकी आठवतात का? अँड्रॉइड वापरणाऱ्या कंपन्यांना त्यांनी थंडीत ऊब मिळावी म्हणून चड्डी ओली करणाऱ्या पोरांची उपमा दिली होती. ऊब थोडाच वेळ टिकते म्हणे. पोरं अजून उबेत आहेत. आणि उभा कीबोर्ड द्यायला जवळपास वर्ष लागत असेल, तर बाहेरून काडी लावायची गरज काय होती?

पेटता_प्लॅटफॉर्म:
धूर दिसला तर पंप आणतात, गल्लीभर ओरडत फिरत नाहीत.

ळ_चा_पहारेकरी:
अँड्रॉइडचा एवढा गजर चाललाय तर आठवण करून देतो. त्या काळच्या बऱ्याच अँड्रॉइड २.२ फोनांवर मराठी म्हणजे चौकोनांची रांग. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. मराठी वाचायचं तर ऑपेरा मिनी टाकायचं, पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहायचं आणि अगदी तळाशी बिटमॅप फॉन्टच्या ओळीपुढे 'येस' करायचं. मग ऑपेराच्या सर्व्हरवरून अक्षरांची चित्रं बनून यायची आणि पान वाचता यायचं. नेटचा पॅक मात्र भराभर संपायचा. एक गिगाहर्ट्झ घेऊन आम्ही मायबोलीची चित्रं बघत होतो. त्यामुळे 'एन८ मागासलेला होता' हे ऐकलं की मला दर वेळी हसू येतं. पुढचे होते कोण?

चौकटराजा:
हा मुद्दा मान्य. माझ्याकडेही चौकोनच यायचे. नाव काय उगाच घेतलंय?

नवखी:
मी या सगळ्याच्या वेळी चौथीत होते. काका, तुमचा एन८ अजून चालू होतो का?

घाटावरचा:
होतो! चार्जिंगला लावला की कंपन होऊन पडद्यावर नोकियाचे ते दोन हात येतात. व्हॉट्सॲप बंद होऊन कित्येक वर्षं झाली, वेबसाइटी बहुतेक उघडत नाहीत, पण कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की तोच आवाज आणि लगेच फोकस. बॅटरी मात्र वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकते. लेक म्हणतेय, यंदा पथकात हाच घेऊन जाणार. तिला रील नको, फोटो हवेत. बीएल-४डी बॅटरी कुठे मिळेल का?

फ्लॅशगॉर्डन:
पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत विचारून बघा. नवी म्हणून पडून राहिलेली जुनी देतील, तेव्हा फुगलेली नाही ना ते आधी पाहा. आणि मागचं झाकण निघत नाही. खालच्या टोकाचे दोन स्क्रू बारीक टॉर्क्सने काढून बॅटरी सरकवायची. घरातल्या पेचकसाने प्रयत्न केलात तर स्क्रूची डोकी जातील.

चौकटराजा:
आणि गर्दीत चुकामूक झाली तर घरी कळवायला लेकीच्या खिशात दुसरा फोन द्या. टाइप करता येईल असा.