घोड्यावर की पायी? गेममध्ये हत्याराचे पॉइंट कुठे टाकता तुम्ही (अनुभव धागा)

शिळाभात
भाचा आलाय राहायला, अकरावी संपलीये, दिवसभर बॅनरलॉर्ड (तलवारी-घोड्यांचा कॉम्प्युटर गेम) चालू. काल नवीन माणूस बनवत होता तर कितीतरी वेळ त्याच स्क्रीनवर अडकलेला, मामा फोकस पॉइंट कुठे टाकू, वन हँडेड, टू हँडेड का पोलआर्म (भाल्यासारखी लांब हत्यारं)? मी म्हटलं आधी सांग घोड्यावर लढणारेस का पायी, हत्याराचं नंतर बघू. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मला एकदम हॉस्टेल आठवलं.

वॉरबँड, म्हणजे याचा आधीचा गेम, आला २०१० ला. अंकारातल्या नवराबायकोनी सुरू केलेली कंपनी, ग्राफिक्स तेव्हाच जुनाट वाटायचे, पण आमच्या अख्ख्या विंगला वेड लागलं होतं. धड चालणारा पीसी एकच आणि प्रत्येकाचा सेव्ह वेगळा. लेव्हल वाढली की एक अ‍ॅट्रिब्यूट (ताकद, चपळाई असा मूळ गुण), एक स्किल आणि हत्याराचे १० पॉइंट, आणि त्या १० पॉइंटांवरून मेसमध्ये भांडणं. पॉवर स्ट्राइक (वाराचा जोर) आणि पॉवर ड्रॉ (धनुष्य ओढायची ताकद) स्ट्रेंग्थखाली, रायडिंग (घोडेस्वारी) आणि वेपन मास्टर (हत्यारांचं कसब) अ‍ॅजिलिटीखाली, आणि कुठलंही स्किल अ‍ॅट्रिब्यूटच्या एक तृतीयांशावर जाऊ देत नाही. म्हणजे सगळं हवं म्हणणारा माणूस सगळीकडे अर्धाकच्चा राहणार.

मी पहिल्यापासून लान्सवाला (लान्स म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला). आणि गंमत अशी की घोडा भरधाव सोडला की लान्स आपोआप बगलेत धरली जाते आणि समोरचा कितीही चिलखत घालून असू दे, आडवा. त्यात हाताच्या सरावाचा फारसा संबंधच नाही, सगळं वेगावर. त्यामुळे पोलआर्मला पॉइंट न देता मी रायडिंगला द्यायचो, यावर रूममेटनी मला येडा ठरवलेलं.

तुमचं काय? गेम कुठलाही चालेल, तलवारी-भाल्यांचा असला म्हणजे झालं.

चहाबाज
क्रॉसबो. संपला विषय.

बरं सविस्तर लिहितो. धनुष्याला पॉवर ड्रॉ लागतो, तो नसेल तर चांगलं धनुष्य हातातच घेता येत नाही. क्रॉसबोला (चाप दाबून मारायचं आडवं धनुष्य) असलं स्किल लागत नाही. उचला, रोखा, मारा. ते वाचलेले स्किल पॉइंट मी लीडरशिपला टाकले आणि सैन्य मोठं केलं. मोठा क्रॉसबो घोड्यावर बसून भरता येत नाही मान्य, पण किल्ल्याच्या तटावर उभं राहून खाली शिडीवरनं येणाऱ्यांना एकेक करून टिपायला जे सुख आहे ते तुम्हा घोडेवाल्यांना नाही कळायचं

शिळाभात
म्हणजे तू ऱ्होडोक. वॉरबँडमधलं भाले-क्रॉसबोवालं राज्य ते. माझे किती घोडे खाल्लेत तुझ्या लोकांच्या भाल्यांनी. शत्रू आहेस.

तिरकीरेघ
तुम्ही स्वादियावाल्यांनी (वॉरबँडमधलं घोडेस्वारांचं राज्य) बोलू नये, तुमचा राजा हार्लाउस युद्ध सोडून मेजवान्या देत बसतो 😂 लोणी आणलं का त्याला?

चहाबाज
लोणी 😂😂 किल्ला जातोय आणि महाराज जेवतायत

दोनडबे
मला हे वॉरबँड वगैरे काही माहीत नाही पण किंगडम कम खेळलेय, २०१८ चा पहिला. मुलगी झोपली की हेडफोन लावून. यात १४०३ चं बोहेमिया आहे आणि आपला हेन्री लोहाराचा पोरगा, त्याला तलवार तर सोडाच वाचताही येत नाही, उझित्स गावी जाऊन एका लेखनिकाकडून शिकावं लागतं. मला हे इतकं आवडलं की मी पहिले कित्येक दिवस लढलेच नाही, नुसती वाचायला शिकून औषधं उकळत बसले. हत्यारांचं म्हणाल तर तिथे पॉइंट वाटायचे नसतात, जे वापराल ते वाढतं, तलवार वेगळी, कुऱ्हाड वेगळी, गदा वेगळी. सगळे सांगतात तलवार घ्या. मी गदा घेतली कारण पुढे पुढे जे येतात ते पत्र्यात मढवलेले असतात आणि तलवार त्यावर नुसती खणखण करते. गदेचा एक दणका डोक्यात की गडी झुलायला लागतो. थांबा कुकर

दोनडबे
आले. हां तर त्या गेममधल्या रत्ताई गावात तो बर्नार्ड कप्तान आहे ना, त्याच्याकडे मनापासून सराव करा एवढंच सांगेन. तो मास्टर स्ट्राइक शिकवतो, म्हणजे वार बरोबर वेळेवर अडवला की आपला उलटा वार आपोआप बसतो. तो आला की बाकीचे ते लागोपाठ वारांचे लांबलचक काँबो पाठ करायची गरजच उरत नाही. पण शत्रूलाही तो येतो. चार जणांनी घेरलं की माझी आजही पळापळच.

अर्धाकप
किंगडम कममध्ये धनुष्याला नेम धरायला मध्ये ठिपका पण नसतो ना? कसं मारता तुम्ही लोक

दोनडबे
नाही मारत 😄 एकदा सशावर नेम धरला तर बाण कुठे गेला ते अजून माहीत नाही. पण माझा नवरा तेवढंच करतो, म्हणतो हात स्थिर ठेवून अंदाज बसतो हळूहळू. घरात हा वादाचा मुद्दा आहे, जास्त नको.

पांढराकट्टा
कोल्हापूरचा आहे त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना. लहानपणी पेठेत मर्दानी खेळ शिकलोय, लाठी आणि थोडा दांडपट्टा. तर या गेमवाल्यांनी एक गोष्ट बरोबर पकडलीय आणि एक साफ चुकवलीय. बरोबर काय तर अंतर. लाठीवाल्याच्या कक्षेत तलवारवाला शिरू शकत नाही तोवर त्याचं काही चालत नाही, आणि एकदा आत शिरला की लाठीवाल्याची पंचाईत. वॉरबँडमध्ये लांब भाला घेऊन पायी उभं राहून बघा, अगदी तेच होतं, शत्रू अंगाला भिडला की तुमचा भाला नुसता ढकलतो, लागत नाही. चुकवलेली गोष्ट म्हणजे पाय. आमचे वस्ताद पहिले कितीतरी दिवस हातात काही देतच नव्हते, फक्त पवित्रे. गेममध्ये अ‍ॅथलेटिक्स म्हणून एक स्किल आहे पण ते नुसतं पळायचा वेग वाढवतं, त्याला कोणी विचारत नाही. माझा पहिला पॉइंट तिथेच जातो कायम.

आणि दांडपट्टा कुठल्याच गेममध्ये धड नाही याचं दुःख आहे. २०२४ मध्ये राज्यशस्त्र झाला तो, आता तरी कोणी मनावर घ्या.

तिरकीरेघ
पवित्र्यांचं जबरी. व्हिडिओ असेल तर टाका की

पांढराकट्टा
माझा नको, गुडघा गेलाय आता. पुतण्याचा बघतो मिळतो का.

रात्रपाळी
माझं गणित पैशाचं आहे सरळ. वॉरबँडमध्ये बोथट हत्यारानं मारलं की माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. बेशुद्ध म्हणजे कैदी. कैदी म्हणजे खानावळीत बसलेला तो खंडणीवाला दलाल आणि रोख दिनार. तलवार, कुऱ्हाड, गदा तिन्ही वन हँडेडमध्येच मोजतात त्यामुळे पॉइंट वाया जायचा प्रश्नच नाही, सुरुवातीला तलवार, नंतर तेच कसब गदेवर. सोबत प्रिझनर मॅनेजमेंट वाढवा नाहीतर कैदी ठेवायला जागा नाही. किनाऱ्यावरच्या सी रेडर्सना (समुद्री लुटारू) धरायचं, त्यांचं चिलखत विकायचं आणि त्यांनापण विकायचं.

अर्धाकप
तुम्ही मेकॅनिकल का

रात्रपाळी
सीए

अर्धाकप
तरीच

फडताळ
हे सगळं वाचून मी हसतोय कारण स्कायरिममध्ये (२०११) हा प्रश्न येतच नाही. तुम्ही काहीही ठरवा. या वेळी दोन हाती कुऱ्हाड, या वेळी फक्त जादू, या वेळी ढाल घेऊन सज्जन माणूस. एखाद्या गुहेत एक डाकू पाठमोरा दिसतो, खिशात एक फालतू धनुष्य असतं, म्हणता एकच बाण मारून बघू. लपून मारलं की जास्त लागतं, तो पडतो, आर्चरी वाढते, स्नीक (लपून जायचं कसब) वाढतं, आणि तिथून पुढे अख्खा गेम तुम्ही वाकूनच चालता. माझी बायको विचारते हा माणूस सरळ का उभा राहत नाही कधी.

दोनडबे
+१ वाकूनच चालता 😂😂

टेक्सासीभाकरी
उशिरा आलो, इथे सकाळ आहे. शिळाभात, भाच्याला सांगा बॅनरलॉर्डमध्ये सगळं सोडून आधी स्मिथिंग (लोहारकाम). ते रायडिंग आणि अ‍ॅथलेटिक्सच्या शेजारी एंड्युरन्स या मूळ गुणातच आहे त्यामुळे घोडेस्वारालाही जड जात नाही. लाकडाचा कोळसा करायचा, जुनी हत्यारं वितळवायची, सुटे भाग उघडले की दोन हाती तलवारी घडवून विकायच्या. एकेक तलवार अशी जाते की बाजारात व्यापाऱ्याकडे द्यायला पैसे संपतात. मग राजाबिजा व्हायचंय ते व्हा. माझा माणूस अजून लढाईत गेलेला नाही, वीकेंडला फक्त तलवारी ठोकतो. ऑफिसात पण तेच, जिराची (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) तिकिटं.

शिळाभात
सांगितलं. म्हणतो "मामा, मी लोहार व्हायला गेम घेतलाय का?" त्यानी शेवटी पोलआर्म आणि रायडिंग घेतलं, आणि वर धनुष्यात पण दोन टाकलेत म्हणे. घोड्यावरून बाण. खुझैत, म्हणजे गेममधलं घोडेस्वार तिरंदाजांचं राज्य.

चहाबाज
खुझैत 😬 पोरगा हाताबाहेर गेला

मधलीसुट्टी
अवांतर: ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का यातलं काही? वेगळं ग्राफिक कार्ड नाहीये

रात्रपाळी
वॉरबँड चालेल आरामात, लढाईतली माणसं कमी ठेवा. किंगडम कमचं नावही घेऊ नका. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर कशाला, आयटीवाले बघतात सगळं

मधलीसुट्टी
मीच आयटीवाला

तिरकीरेघ
थ्रोइंगवाला कोणीच नाही का इथे?? फेकायच्या कुऱ्हाडी घेऊन नॉर्डांबरोबर (वॉरबँडमधले पायी लढणारे) किल्ल्यावर चढलंय का कोणी. ढालीत रुततात त्या, दोनतीन बसल्या की ढाल फुटते आणि मग मागून सगळे आत. पॉवर थ्रोला (फेकीचा जोर) कोणी एक पॉइंट देत नाही म्हणून मी मुद्दाम देतो

पांढराकट्टा
देतो मी पण. भाले घेतो पण, कुऱ्हाडी नाही. दहा-बारा फेकून झाल्या की मग काय करता?

तिरकीरेघ
मग पळतो. अ‍ॅथलेटिक्स आहे ना तुमचं, ते खरंच लागतं तेव्हा